इटलीत राहिलेला सोबती

मोठी लढाई संपली त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात सासरी आले. नवरा पलटणीतून नुकताच परतलेला. गावातून तो आणि त्याचा मित्र असे दोघं बरोबर भरती झाले होते. मित्र इटलीत एका नदीच्या काठावर गोळी लागून गेला. जेमतेम मिसरूड फुटलेला पोर होता, असं सासूबाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण ते फार दिवस टिकलं नाही.

हे संध्याकाळी शेतातून आले की हातपाय धुऊन थेट त्या मित्राच्या आईकडे जात. म्हातारी एकटीच होती. तिच्या ओट्यावर बसून हे बोलत राहत. डोंगरावरचा बर्फ, द्राक्षांचे मळे, मित्र खंदकात बसून आपल्याकडची लग्नातली गाणी म्हणायचा त्या गोष्टी. मी पाण्याच्या निमित्ताने तिकडून जायची आणि कुडाआड थांबून ऐकायची. घरी माझ्याशी बोलणं म्हणजे भाकरी वाढ, नाहीतर बैलांना पाणी दाखव. हसले तरी त्याच्याच आठवणीने हसत. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं.

मुलगा झाला तेव्हा ह्यांनी मित्राचंच नाव ठेवायचं म्हटलं. मी नाही म्हणाले. दिवसभर मी त्याच नावाने हाका मारायच्या? बारशाला माझ्या पसंतीचं नाव ठेवलं, पण त्या दिवशी हे जेवले नाहीत.

पुढे एकदा हे कापसाची गाडी घेऊन नंदुरबारला निघाले. म्हातारीला ताप होता, म्हणून तिला पेज नेऊन द्यायला मला सांगून गेले. मी रागातच गेले. पेज पिऊन झाल्यावर तिने मला जवळ बसवून घेतलं. मी सरळ विचारलं, हे रोज येऊन तेच तेच सांगतात, तुम्हाला नकोसं होत नाही का?

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मन्हा पोरनं मरन तेनी देखं, मी नही देखं. माले तेन्हा हेवा वाटस, बाई."

मी इतके दिवस गिळलेला शब्द तिच्या तोंडून आला आणि मी बावरले. त्यानंतर मीही मूल कडेवर घेऊन ओट्यावर जाऊन बसू लागले.

म्हातारी गेली तेव्हा अग्नी ह्यांनीच दिला. तिच्या दहाव्याला तापीकाठी डोकं भादरून घेतलं. परतताना गाडीत ह्यांनी मला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मित्राचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. तो पाणी मागत होता. नदी समोरच, पण पलीकडून गोळ्या येत होत्या. सांगताना हे पोरासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि तरीही मला त्या मेलेल्या पोराचा हेवाच वाटत होता.