न्हाणीघराचा उतार

सौदीतल्या आमच्या जिझानच्या हॉस्पिटलातला प्लंबर मूळचा दापोलीकडचा. गळका नळ दिसला की तो आधी पाइपावर बोटाने टकटक करतो, कान लावतो आणि मगच पाना काढतो. बोलणं मोजकंच.

ईदच्या सुट्टीत आम्ही चार नर्स आणि तो, बोटीने फरसान बेटावर गेलो. तिथल्या पडक्या भिंती रोमन सैनिकांच्या हमामाच्या, म्हणजे न्हाणीघराच्या, असं पहारेकरी सांगत होता. आम्ही फोटोंत रमलो. प्लंबर मात्र फरशीवर गुडघे टेकून बसला.

"सिस्टर, एवढ्या माणसांचं पाणी जायचं कुठं?" असं म्हणत त्याने आपल्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी फरशीवर ओतलं.

"खलास, खलास!" म्हणजे 'बस, पुरे!' असं अरबीत ओरडत पहारेकरी धावला. आता हा आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. पण पाणी सावकाश कोपऱ्याकडे सरकलं आणि वाळूत दिसेनासं झालं. प्लंबरने तळहाताने वाळू बाजूला सारली. खाली दगडात कोरलेलं गोल भोक होतं.

"उतार अजून बरोबर हाय," तो स्वतःशीच म्हणाला.

पहारेकरी वाकून बघत राहिला. मग त्याने पिशवीतून स्वतःची भरलेली बाटली काढली आणि पुन्हा ओत, अशी खूण करत प्लंबरपुढे धरली.