संस्थेची छत्री

व्हीलचेअर दुरुस्त करून देणाऱ्या त्या छोट्या संस्थेत सगळे तिला कात्रीबाई म्हणत. पद चिटणिसाचं. संस्थेचं कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी तिच्या टेबलावर थांबायचं आणि तिथून दोन ओळींनी हलकं होऊन निघायचं.

"अहो, हे तर साधं आभारप्रदर्शन!" अध्यक्ष कळवळायचे. ते निवृत्त दंतवैद्य.

"निवडणूक तोंडावर आली की आभारसुद्धा प्रचारात जमा होतात, डॉक्टर. तुम्ही दात काढायचात, मी ओळी काढते. फक्त भूल देत नाही."

तरुणपणी ती हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहून सगळ्यांची वाक्यं पाठ म्हणायची, पण रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही. त्या दिवसांनी तिला एक शिस्त लावली: कोण कुठे उभं आहे, ते आधी बघायचं. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांचे नियम तिला म्हणूनच चटकन समजले. 'असा कायदा करा' हे संस्थेला म्हणता येतं, तेही मर्यादेत. म्हणून आमदारांच्या भेटीत गेलेला प्रत्येक तास ती एका वहीत लिहून ठेवायची. 'या माणसाला निवडून द्या' हे मात्र एका शब्दानेही म्हणता येत नाही. म्हटलं तर नोंदणी जाते. नोंदणी गेली की देणग्या आटतात, आणि दोनशे खुर्च्यांची चाकं जिथल्या तिथे थांबतात.

आणि त्या वर्षी तिचा धाकटा भाऊच नगरपालिकेला उभा राहिला.

फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, ताईनेच वाढवला. प्रत्येक सरकारी इमारतीला व्हीलचेअरसाठी उतार बांधीन, हे त्याचं वचन. संस्था अकरा वर्षं नेमकं तेच मागत होती.

"ताई, एकच वाक्य," तो तिच्या टेबलावर कोपरं टेकून म्हणाला. "'आमच्या मागणीला साथ देणारा उमेदवार.' खोटं आहे का?"

"खरं आहे."

"मग?"

"खरं आहे म्हणूनच जास्त धोक्याचं. कोपरं काढ, पत्रकं चुरगळताहेत."

"सख्ख्या भावाला नियम शिकवतेस?"

"चुलत असतास तरी हेच शिकवलं असतं."

मतदानाच्या आठवडाभर आधी संस्थेने चारही उमेदवारांना सभेला बोलावलं. सगळ्यांना तेच चार प्रश्न, आधी पाठवलेले. उत्तरांना प्रत्येकी तीन मिनिटं. बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. कात्रीबाई कोपऱ्यात घड्याळ आणि पितळी घंटा घेऊन बसली. पहिल्या तिघांवर घंटा वाजली, लोक हसले. चौथा भाऊ. बोलला छान, शेवटी आवाज जरा चढवला: "आणि मित्रहो, याच संस्थेत माझी सख्खी ताई..."

घंटा वाजली. तीन मिनिटं संपली होती, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. सभागृह खो खो हसलं. भावाने माईक खाली ठेवला आणि चहा न घेता निघून गेला.

एकतीस मतांनी तो पडला. त्यानंतर ताईचा फोनही तो उचलेना.

महिन्याभराने नोंदणी कार्यालयातून पत्र आलं. हरलेल्या दुसऱ्या एका उमेदवाराची तक्रार होती: संस्थेची चिटणीस सभेनंतरच्या रविवारी घरोघर जाऊन भावाचा प्रचार करत होती, सबब नोंदणी रद्द करावी. ज्याचा प्रचार झाला म्हणायचं, त्या भावालाही जबाबासाठी बोलावणं आलं. सुनावणीच्या दिवशी तो येऊन ताईपासून दोन खुर्च्या सोडून बसला.

तपासनीस मान वर न करता म्हणाले, "गेला होतात?"

"गेले होते," कात्रीबाई म्हणाली.

अध्यक्षांनी डोळे मिटले. भाऊ गर्रकन वळला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"रविवारी मला सुट्टी असते," ती म्हणाली. "बहीण म्हणून गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं."

"सांगायला काय, कुणीही सांगेल. पुरावा?"

तक्रारदाराने साक्षीला आणलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई तिथे बसल्या होत्या. त्यांना राहवेना. "अहो साहेब, पुरावा कसला मागता! माझ्या पायपुसण्यावर ही बाई ठिबकत उभी होती. बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, बाई गं, छत्री नाही का घरात? तर म्हणे, आहे, पण तिच्यावर संस्थेचं नाव छापलंय. अशी वेडी मी जन्मात पाहिली नाही! टॉवेल दिला मी हिला. अजून परत आला नाही तो."

"धुऊन ठेवलाय," कात्रीबाई म्हणाली.

तपासनिसांनी पहिल्यांदा मान वर केली. सभेचे प्रश्न, जागांच्या चिठ्ठ्या, तासांची वही, सगळं चाळलं. मग कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि फाईल बांधली. तक्रार निकालात निघाली होती.

जिन्यात भावाने तिला गाठलं. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू पत्रकात छापलं असतंस."

छापलं असतंच त्याने.

चार दिवसांनी तो कार्यालयात आला. हातात काळी कोरी छत्री. "बघ, उलटून पालटून बघ. कुठे एक अक्षर नाही."

तिने खरोखरच उघडून आतून बाहेरून पाहिली. मग मिटून त्याच्या हातात परत दिली.

"ही संस्थेला, की बहिणीला?"

"बहिणीला."

"मग इथे कशाला आणलीस? संध्याकाळी घरी घेऊन ये," ती म्हणाली आणि पुढचं पत्रक ओढलं. "जेवायलाच ये."