भिमीची तुसाची बुखारी

गेल्या पौषात लाइट गेली आणि भिमीची कोंबडीची तीनशे पिल्लं गारठून एका कोपऱ्यात ढिगानं चेंगरून मेली. शेजारीच धाकट्या दिराच्या, वाल्मिकच्या शेडवर जनरेटर धडधडत होता. एक वायर मागितली तर म्हणाला, "वयनी, कोंबड्या पाळणं म्हंजे भाकऱ्या थापणं नाय." तेवढ्यावर भागलं नाही. भिमीच्या हातालाच अवदसा आहे, असं त्यानं खर्डीच्या बाजारापर्यंत पसरवलं. तिच्याकडची अंडीसुद्धा कोणी घेईना.

रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. तिनं एकच ध्यास घेतला: हे बोलणं वाल्मिकच्याच तोंडून फिरवून घ्यायचं.

लाइटीशिवाय पिल्लांना ऊब मिळावी म्हणून शहापूरच्या भंगारवाल्याकडून तिनं तेलाचं पिंप आणि ट्रकचा फुटका सायलेन्सर आणला. छिन्नी-हातोड्यानं पिंपाला खाली भोक पाडलं, सायलेन्सरचा पाइप धुराड्यासारखा भिंतीबाहेर काढला, सांधे चिखलानं लिंपले. पिंपात मधोमध मुसळ उभं करून भोवती भातगिरणीवरचं तूस ठासायचं, मग मुसळ उपसायचं, की झाली हवेला वाट. पहिल्यांदा तूस सैल भरलं, तर तासाभरात सगळं भडकून गेलं. दुसऱ्यांदा ती पिंपात उतरली आणि पायानं तुडवलं. "वाल्मिकचं नाव घेऊन तुडवलं, म्हनून बसलं," असं ती अजून सांगते. रात्रभर धुमसणारी बुखारी, म्हणजे तुसाची शेगडी, तयार झाली.

यंदा थंडीत पुन्हा लाइट गेली, आणि वाल्मिकचा जनरेटरही बसला. उजाडताच तो दारात हजर. आत भिमीची नवी पिल्लं उबेत पाय ताणून पसरलेली.

"वयनी, माझी मरतील गो. घटकाभर बुखारी दे."

"पेटती बुखारी उचलू कशी, हात जाळू? पिल्लं आण इकडं. पन माझ्या दारातून आत आलं ते पिल्लू माझं. नि वाटंत कोनी इचारलं, तर मागल्या साली काय झालं ते खरं सांगायचं."

"ही लूट झाली!"

"जा मग. थंडी थांबलीय तुझ्यासाठी."

वाल्मिक पिल्लांची पहिली टोपली डोक्यावर घेऊन आला. भिमीच्या दारासमोरच्या हापशीवर पाणी भरणाऱ्या रखमीनं अडवलंच. "काय रे, सकाळीच वरात कुठं?"

"वयनीकडं," तो पुटपुटला. "तिची पिल्लं... मी वायर दिली नाय म्हनून मेली. हात चांगला हाय तिचा."

भिमी कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. "वाल्मिक, रखमीला ऐकू नाय आलं. मोठ्यानं!"

तो मोठ्यानं बोलला. अजून चार खेपा बाकी होत्या.