आडाची बाटली, बारवेची बाटली

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी मानत न्हाई. गावात कुणाच्या अंगात आलं की मी म्हणायचो, दोन भाकरी कमी घाला, उतरंल. आजबी तेच म्हणतो. शाळा माझी दोन बुकंच झाली, पण डोकं कुणाकडं गहाण टाकलेलं न्हाई. तरी एक गोष्ट माझ्या पायात राहून गेली हाय — खरंच पायात, घोट्याच्या वर. नात परभणीला कॉलेजात असते, तिला पाण्यावर कसला तरी प्रोजेक्ट दिलाय. तिचं बघून लिव्हायला बसलो.

निजामाचं राज होतं. आमचं गाव चारठाण्यापासून दीड कोस. पाण्याच्या जागा दोन. आमच्या अंगणात आड, पोहऱ्यानं शेंदायचा, पाणी गोड. अन् गावाची बारव — पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायची. उन्हाळ्यात ते पाणी हिरवं व्हायचं, शेवाळाचा वास यायचा. निम्म्या गावाला नारू. आताच्या लोकांनी तो पाह्यला न्हाई. पायाला फोड यायचा, फुटला की आतून पांढरा दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. आमच्या घरात कुणी बारवेचं पाणी तोंडाला लावत नव्हतं. मी तर शेतातबी घरचा चंबू न्यायचो.

माझा धाकटा भाऊ रंगनाथ. मला दोन बुकांनंतर औताला जुंपलं अन् त्याला जिंतूरला वस्तानिया, म्हंजी मधल्या शाळेत घातलं. उर्दूतला सरकारी कागद आला की पटवारी त्याला बोलावणार, अन् आमचे वडील, आप्पा, फेटा नीट करून शेजारी बसणार. मला बोलवायचे ते बैल सुटला की.

एका साली त्याच्या मास्तरांनी पोरांना एकेक शोधाचं काम लावून दिलं. कुणी खुपऱ्यानं डोळे आलेली पोरं मोजायची, कुणी ज्वारीचं रोप रोज मापायचं, कुणी किती बायांना सही येते ते लिव्हायचं. रंगनाथला नारू दिला. कोण कुठलं पाणी पितं अन् कुणाला नारू झाला, हे तो घरोघर विचारून वहीत लिव्हायचा. लोक त्याला पाट टाकून बसवायचे. सोळा वर्षांच्या पोराला! ज्याचं काम चांगलं, त्याच्यासाठी मास्तर औरंगाबादला चिठ्ठी देणार होते, पुढच्या शाळेसाठी.

शेवटी दोन बाटल्या पाणी न्यायचं होतं, आडाचं अन् बारवेचं. सगळ्यांसमोर भिंगाखाली बघायचं, ज्यांच्यातून नारू पोटात जातो त्या बारीक पिसवा कुठल्या पाण्यात हायेत ते. सकाळी त्यानं बाटल्या भरल्या, गळ्याला चिठ्ठ्या बांधल्या अन् अंघोळीला गेला.

मी दोन्ही बाटल्या उकिरड्यावर उपड्या केल्या. आडाच्या बाटलीत बारवेचं पाणी भरलं, बारवेच्या बाटलीत आडाचं. चिठ्ठ्यांना हात लावला न्हाई. आड अन् बारव एवढं वाचायला दोन बुकं पुरत होती.

गाडी आप्पांनी जुंपली. बसताना रंगनाथच म्हणला, "दादा, बाटल्या तू धर. तुझा हात हलत न्हाई." जिंतूरपर्यंत त्या माझ्या मांडीत होत्या. क्षणभर दुसऱ्याच्या हातात गेल्या न्हाईत.

शाळेत मास्तरांनी आधी बारवेच्या बाटलीतलं पाणी काचेवर घेतलं. आप्पांनी भिंगातून बघितलं अन् म्हणले, "वळवळतंय की रे." मग आडाची बाटली. स्वच्छ, काही न्हाई. मी लोकांना सारून पुढं घुसलो. जे पाणी मी माझ्या हातानं आडातून शेंदलं होतं, त्यात पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारायलेत... अन् जे बारवेतून भरलं होतं, ते आरशासारखं!

मास्तरांनी रंगनाथची पाठ थोपटली. आप्पा माझ्याकडं वळून म्हणले, "याला डोकं म्हणतात. तू बस बैलाच्या शेपटीकडं बघत."

घरी आल्यावर गोठ्यात जाऊन मी आडाच्या चिठ्ठीची बाटली उघडली. माझं मलाच खरं वाटंना, मी बदललंय का न्हाई. एक घोट घेतला. शेवाळ... बारवेचंच पाणी. दुसरी बाटली चाखली, गोड. तुमी म्हणाल, रंगनाथनं परत बदललं असंल. मग चव उलटी लागली असती. लागली न्हाई.

रंगनाथ औरंगाबादला गेला. वर्षानं माझ्या घोट्यावर फोड आला, अन् फोडातून नारू.

तो उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होता. रोज सकाळी माझा पाय मांडीवर घ्यायचा अन् नारू काडीवर अर्धा वेढा गुंडाळायचा. ओढून तुटला तर पाय जातो. लय हळू हात होता त्याचा. तेबी मला सोसंना.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "दादा, तू आडाचंच पितो ना?"

"मग कुणाचं पिणार?"

त्यानं एका हातानं शेजारची वही ओढली. "मग माझं चुकलं. आडाचं पिणाऱ्यालाबी होतो. मास्तरांना कळवावं लागंल."

वर्षभर मला हेच पाह्यजे होतं. आयतं ताटात आलं होतं, नुसतं गप बसायचं होतं. पण पाय त्याच्या मांडीवर होता, अन् काडी त्याच्या हातात.

"थांब," मी म्हणलो. "बारवेचं पेलोय मी. एकदा."

"कव्हा?"

"बाटल्या नेल्या त्या दिवशी. घरी आल्यावर."

का, कशाला, त्यानं काही विचारलं न्हाई. वहीत लिव्हलं — थोरला भाऊ, बारव, एकदा. मग काडीला अर्धा वेढा दिला.

पुढं बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वरून रहाट बसवला. गावातला नारू गेला. रंगनाथ मोठ्या हुद्द्यावर चढला, आता तोबी न्हाई. वही नातीकडं हाय. ती म्हणते, आजोबा, भिंग खराब असंल. भिंग खराब असतं तर दोन्ही पाणी सारखं दिसलं असतं, पोरी.

माझी जीभ खरी, माझा पाय खरा, अन् चारचौघांनी भिंगातून पाह्यलं तेबी खरं. तिन्ही एका गाडीत बसत न्हाईत. कुणाला जमलं बसवायला तर सांगा, मला जमलं न्हाई. मला एवढंच कळतं, मी फिरवलेलं पाणीसुद्धा त्याच्याच बाजूनं बोललं. अंगण आमचं, आड आमचा, शेंदला मी... अन् पाणी झालं त्याचं. थंडीत घोट्याची खूण ठणकते, तेव्हा आजबी पहिला रागच येतो.