आमच्या ऑफिसातला ळ

ऑफिसातले किस्से हे माडाच्या झावळांसारखे असतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, पण अंगणात ढीग साचतोच! आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात तो ढीग एका टर्मिनलभोवती साचला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी त्या टर्मिनलची ऑपरेटर. तेव्हा माझा जीव सतत टांगणीला, म्हणून हसायला मात्र फार उशिरा आलं.

*

मशिन आलं, नारळ फुटला, पेढे वाटले. साहेब म्हणाले, "छापा आपल्या गावांची यादी. मराठीत!"

छापली. 'वेळणेश्वर'मधे ळ होता तिथे काळा चौकोन! मुंबईच्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अक्षरं दिल्लीकडे बनवलीत. तिकडे ळ लागत नाही."

"अहो, पण आम्हाला लागतो ना!"

"मग ळ नसलेली गावं छापा सध्या."

मी फोन आपटला. साहेब सांगलीचे, त्यांना घाई फार. म्हणाले, "महिनाअखेर मुंबईचे मोठे साहेब बघायला येणार. तोवर यादी नीट निघाली नाही तर मशिन कोल्हापूर ऑफिसला जाणार. आणि मशिनबरोबर ऑपरेटर!"

मी काय त्या मशिनची वायर होते? आमचे हे अलोऱ्याला, कोयनेच्या कॉलनीत. लेक तिथेच सासूबाईंजवळ. सोलापुरात वर्षं काढून, हातापाया पडून मी रत्नागिरी मिळवली होती, ती शनिवार-रविवार लेकीला कुशीत घेता यावं म्हणून. आता एका अक्षरासाठी कोल्हापूर? छे! त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

पत्रं तर जायलाच हवी होती. आमचे हेडक्लार्क मयेकरभाऊ, नाटे गावचे, म्हणाले, "काय गो बाय, तोंड पाडून बसतेस? तू छाप. चौकोनावर पांढरा रंग लावून मी भरतो ळ!"

मग रोज दुपारी मयेकरभाऊ पेन घेऊन बसायचे. दिसला चौकोन की मार ळ! हात असा बसला की समोर कागद कुठला आहे हेही बघायचे नाहीत.

एकदा वरच्या ऑफिसातून छापील फॉर्म भरायला आले. प्रत्येक प्रश्नापुढे दोन रिकामे चौकोन, होय आणि नाही, एकात खूण करायची. गठ्ठा चुकून मयेकरभाऊंच्या टेबलावर गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फॉर्मांत, होयमधेही ळ आणि नाहीमधेही ळ! साहेब ओरडले तर मयेकरभाऊ म्हणाले, "मला वाटलं, मशिन आज फारच बिघडलंय!"

*

शेवटी इंजिनिअरने तोडगा सांगितला. मशिनमधे थोड्या जागा रिकाम्या असतात. तिथे टिंबं भरून आपलं अक्षर आपणच बनवायचं. मी आनंदाने उडालेच! आलेखाच्या कागदावर दिवसभर खाडाखोड करून ळ काढला.

पण सरकारी ऑफिस ते! मयेकरभाऊ म्हणाले, "मंजुरीशिवाय अक्षर कसं वापरायचं?" फाईल उघडली. 'ळ या अक्षराचा नमुना मंजुरीस्तव सादर.' फाईल आठवडाभर साहेबांच्या टेबलावर. इकडे माझा जीव खालीवर!

फाईल परत आली. लाल शाईत शेरा होता, 'डावा डोळा मोठा वाटतो. चर्चा करावी.'

*

चर्चा झाली, डोळा लहान झाला. मी ळ फ्लॉपीवर ठेवायला गेले तर मशिनने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं आणि शेवटी, वाय की एन? मी घाबरले. त्यातून शनिवारचा अर्धा दिवस, इंजिनिअर फोनवर सापडेना.

"म्हणजे काय विचारतंय?" मयेकरभाऊंनी विचारलं.

"हो म्हणू की नाही."

"मग त्यात काय! गावी चाललोच आहे, देवाला कौल लावून येतो. तोवर कोणी हात लावू नका."

मशिन तसंच चालू ठेवून, वर टॉवेल टाकून मी अलोऱ्याला गेले. सोमवारी मयेकरभाऊ धापा टाकत आले. "उजवा कौल मिळाला, देव हो म्हणाला! वाय दाब!"

दाबला. फ्लॉपी कोरी! मशिनमधलाही ळ गेला! मला रडूच फुटलं. "भाऊ, तुम्ही देवाला विचारलंत तरी काय?"

"मी विचारलं, बायचं काम होईल का? तो म्हणाला, होईल. मशिन काय पुसणार ते मी त्याला विचारलंच नाय!"

त्याच दिवशी मी पुन्हा ळ काढायला बसले. या वेळी मंजुरी-बिंजुरी काही नाही.

*

मोठे साहेब आले. यादी छापली. एकूणएक ळ ठसठशीत! मोठे साहेब खूश. "वा! अशी माणसं मला मुंबईत हवीत. या बाईंची ऑर्डर मी पुढच्या आठवड्यात काढतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोल्हापूर चुकलं आणि मुंबई मानगुटीवर! मोठ्या साहेबांना नाही म्हणायची माझी काय टाप? डोळे भरून आले. लोकांना वाटलं, आनंदाने.

मयेकरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच वाकून त्यांनी भिंतीतला प्लग ओढला. पडदा काळा!

"अरेरे, पाय लागला वाटतं!" म्हणत त्यांनीच परत लावला.

वीज गेली की आमचा ळ मशिनमधून पुसला जायचा. फ्लॉपीवरून तो पुन्हा भरावा लागायचा. हे ठाऊक होतं फक्त मला आणि मयेकरभाऊंना. यादी परत छापली. सगळीकडे काळे चौकोन!

"हे काय?" मोठे साहेब दचकले.

"घाबरू नका, साहेब. बाय समोर बसली की येतो. बस गो!"

मी बसले. गुपचूप फ्लॉपी सरकवली. ळ आला!

"बघा!" मयेकरभाऊंनी हात जोडले. "पण हा फक्त इथेच येतो, साहेब. दुसऱ्या जागी हिच्या हाताला नाय लागत."

"मग ही मुंबईला येऊन करणार काय?"

"तेच म्हणतोय मी!"

मोठे साहेब माझ्याकडे वळले. "खरं का हो, बाई?"

मी फ्लॉपी पदराखाली घेतली आणि म्हटलं, "मयेकरभाऊ कधी खोटं बोलत नाहीत, साहेब!"