पारा चाळीसवर गेला तेव्हा

मी भोरला इंग्रजी शिकवायचो, आणि रोमन अक्षरांत लिहिलेलं काहीही आपल्याला वाचता येतं, असा माझा पक्का समज होता. पुण्याहून ताप मोजायची काचेची नळी आणली, तिच्या डबीवर कुठल्याशा जर्मन कारखान्याचं लांबलचक नाव होतं. दुकानदाराने ते एका तऱ्हेने उच्चारलं, मी त्याला सुधारून दुसऱ्या तऱ्हेने, आणि घरी पोचेपर्यंत मला तिसराच उच्चार बरा वाटू लागला. आकड्यांची तरी मला काळजी नव्हती. आकडे सगळीकडे सारखेच.

त्याच आठवड्यात आमची तीन वर्षांची मुलगी आजारी पडली. दवाखान्यातले डॉक्टर सकाळीच किकवीला गेलेले. मी ऐटीत नळी तिच्या काखेत धरली. पारा एकोणचाळीसवर थांबला.

मी चक्रावलो. निरोगी माणसाचं अंग साडेअठ्ठ्याण्णव असतं. मग हे एकोणचाळीस कसलं? नळीवर बेचाळीसच्या पुढे आकडेच नव्हते, ते छापायचे राहिले असतील अशी मी समजूत घातली. पोरीच्या अंगात आतून गारठा शिरलाय, एवढाच अर्थ मला लागला.

"अहो, भाजतंय तिचं अंग," बायको म्हणाली. "कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते."

"ते वरवरचं. खबरदार पाणी लावलंस तर!"

दारं-खिडक्या लावल्या. पोरीला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, तळपायांना सुंठ चोळली, शेगडी खाटेजवळ ओढली. तासाने पारा साडेएकोणचाळीस. मला हायसं वाटलं. दुपारी चाळीस झाला, तेव्हा मी चक्क हसलो आणि म्हणालो, "बघ, चढतोय! येतेय पोर माणसांत." पोरीचे ओठ सुकले होते.

तेवढ्यात शाळेचा शिपाई मला बोलवायला आला. तो वेल्ह्याकडचा, पहिल्या महायुद्धात पायात गोळी लागून फ्रान्समधल्या इस्पितळात दोन महिने पडून होता. तिथल्या गावांची नावं तो अर्धी नाकातून म्हणायचा. पुस्तकात अशी नाहीत, म्हणून मी त्याला वरचेवर सुधारायचो.

त्याने नळी उजेडात धरली. "अशीच हुती तितं. नर्सबाई रोज आकडा सांगायची, त्रांत सेत, त्रांत सेत. म्हंजी सदतीस. सदतीस आला का मानूस बरा. चाळीस झाला का बरफ आनाया पळायची." मग तो एकदम ओरडला, "मास्तर, पोर पेटलीया! शेगडी काडा आदी!"

शेगडी त्यानेच बाहेर नेली. बायकोने घोंगड्या भिरकावल्या आणि पदर पाण्यात बुडवून पोरीच्या कपाळावर धरला. मी मात्र नळी हातात घेऊन नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीने भात मागितला. मी नळी घेऊन पुढे झालो. बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली, पोरीच्या कपाळावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "उतरला."

त्याबद्दल ती मला पुढे कधीच बोलली नाही. पण पारा चाळीसवर गेला तेव्हा मी हसलो होतो, हे तिने पाहिलं होतं.