नाईक धोंडिबाचा गळा

पहिलं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. मी वायव्य सरहद्दीवर लान्सनाईक होतो. सकाळी नऊच्या सुमारास आमची तुकडी कॅम्पकडे परतत असताना टेकडीवरून गोळीबार झाला. नाईक धोंडिबाच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. होटगीच्या शिपाई भिवाने त्याला पाठीवर घेऊन नाल्यात आणलं. नाल्यात पोचता पोचता धोंडिबाची शुद्ध गेली. आपल्या जागेवर परत जाताना भिवा गोळी लागून पडला.

चार महिन्यांनी रजा घेऊन मी धोंडिबाला मंद्रूपला त्याच्या घरी आणलं. जखम भरली होती, पण आवाज नव्हता. पाणी श्वासनळीत जायचं. फौजी डॉक्टरांनी मला कवायत शिकवली होती. हनुवटी छातीला. घट्ट आंबिलीचा एक चमचा. गिळ. खाकर. परत गिळ. दिवसातून दोनदा पा, बा, मा म्हणवून घ्यायचं. नुसतं पाणी द्यायचं नाही.

धोंडिबा रोज पाठीवर ओझं घेतल्याची खूण करून माझ्याकडे बघायचा. भिवाचं विचारायचा. मी न कळल्यासारखं करायचो. हुंदका आला तर घास चुकेल, अशी मनाची समजूत घातली होती.

एका दुपारी मी विहिरीवर असताना त्याच्या आईची हाक आली. "दादा, लौकर या की."

धोंडिबा काळानिळा पडला होता. शेजारी तांब्या लवंडलेला.

"लई तळमळत हुता. बघवंना मला," आई म्हणाली.

मी त्याला पुढं वाकवलं, पाठीत थापा मारल्या. "खाकर. आणखी एकदा."

पाणी बाहेर आलं. श्वास सुरू झाला. डॉक्टरांनी फुप्फुसाच्या तापाचं बजावलं होतं. दोन दिवस मी तासातासाला त्याच्या कपाळाला हात लावत होतो. ताप आला नाही.

पुढच्या सकाळी 'बा' म्हणवून घेत होतो. तो म्हणाला, "भिवा?" हवाच जास्त, आवाज थोडा.

"त्याच दिवशी गेला. तुला खाली ठेवून परत निघाला तेव्हा."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी आंबील घेतली नाही.

माझी रजा संपायच्या आठवड्यात आम्ही होटगीला गेलो. भिवाच्या आईला पलटणीचं पत्र पोचलं होतं. तिनं विचारलं, "माझं लेकरू काय म्हनलं का जाताना?"

मी बोलणार तोच धोंडिबानं माझा हात धरला. "मी सांगतो, आये."

एक शब्द, मग गिळणं, खाकरणं, मग पुढचा शब्द. "वाटभर म्हनत हुता... आलोच की, नाईकसाब... आलोच."

पुरती दुपार गेली.

भिवा एकवीस वर्षांचा होता. सरहद्दीवरच्या त्याच नाल्याच्या काठी आम्ही त्याला अग्नी दिला. तिथं त्याच्या नावाचा दगड नाही.